सराव-प्रतीतली बाग

माझं काम काय आहे हे लोकांना समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. 'कंप्युटरवर काहीतरी करते' एवढ्यावर नातेवाईक खूश असतात आणि मीही. पण खरं सांगायचं तर माझा बराचसा काळ एका छोट्या फाइलीशी झटापट करण्यात गेला आहे. वेबवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम घ्या, त्याच्या पोटात हजारो ओळी असतात आणि त्या सहसा कुणी वाचत नाही. त्याच्या शेजारी मात्र एक लहानशी फाइल पडलेली असते. तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. माहिती कुठल्या डेटाबेसात ठेवायची, कुठल्या भाषेत बोलायचं, संदेश पाठवायचे की नाही, असल्या मोजक्या गोष्टी तिच्यात लिहिलेल्या असतात. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी ती वाचतो. आपण कोण, आपलं घर कुठलं, हे त्याला तिथून कळतं. मग तो त्याच समजुतीवर चालत राहतो. मध्ये तुम्ही फाइल बदललीत तरी त्याला पत्ता नसतो. त्याला एकदा बंद करून पुन्हा चालू केलं तरच तो ती नव्यानं वाचतो.

माझे वडील नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सेटर होते. पाळी सुरू व्हायच्या आधी ते मशीन लावून द्यायचे आणि मग ऑपरेटर त्यावर दिवसभर एकसारखे नग काढायचा. मी काय करते हे आमच्या घरात फक्त त्यांना चटकन कळलं. "म्हणजे तू सेटरच झालीस की," ते म्हणाले, आणि माझ्या डिग्रीचा जेवढा आनंद मला झाला नव्हता तेवढा त्या वाक्याचा झाला. आता ते नाहीत. आई अजून त्यांच्या दुसऱ्या पाळीच्या डब्याच्या वेळेला कुकर लावते. तिनं तिची फाइल लग्नात एकदा वाचली, ती वाचली. शिट्टी झाली की मी गॅस बंद करते.

गेल्या थंडीत मला पिंपळगाव बसवंतचं एक काम मिळालं. हायवेच्या कडेला द्राक्षाचं पॅकहाउस होतं, मागे कोल्ड स्टोरेज, पुढे टेंपो उभे करायला मोठं पटांगण. कुणाच्या बागेची तोडणी कधी, कुठला टेंपो सकाळी रिकामी क्रेट घेऊन कुणाच्या रानात जायचा, हे सगळं मालकांच्या डोक्यात असायचं. मालक जेवायला बसले की सगळा कारभारही जेवायला बसायचा. हे मांडणारा प्रोग्रॅम मी लिहिला. बागांची नोंद एकदा केली की तो रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांची यादी बनवायचा आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनवर संदेश जायचा, कुठं जायचं आणि कसं जायचं.

मी द्वारका चौकातून सकाळची गाडी पकडायचे. पौषातलं धुकं हायवेवर इतकं दाट असायचं की पुलाखालून गेलो की पुलावरून, ते कळायचं नाही. खिडकीला डोकं टेकून मी अर्धवट झोपेत असायचे आणि बाहेर मधूनच एखादी बाग धुक्यातून वर यायची, तिच्यावर पांढरी जाळी टाकलेली, आणि लगेच परत बुडायची. पिंपळगावला उतरताना मला रोज वाटायचं की आपण अजून पूर्ण जागे झालेलो नाही. पॅकहाउसात शिरलं की थंड खोल्यांमधून द्राक्षांचा गोडसर वास यायचा आणि ते वाटणं आणखी वाढायचं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी लोकांचा हात बसावा म्हणून मी एक वेगळा डेटाबेस, म्हणजे एक सराव-प्रत, करून दिला. त्याला नाव दिलं 'सराव'. कॉन्फिग फाइलीत एक ओळ होती की माहिती सरावात ठेव. दुसरी ओळ होती की संदेश पाठवू नकोस. कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून स्क्रीनच्या माथ्यावर फिकट हिरवी पट्टी ठेवली आणि तिच्यावर 'सराव' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. म्हणजे इथं काहीही लिहा, कुठंही गाडी पाठवा, बाहेर पानसुद्धा हलणार नाही.

लोकांनी खरंच काहीही लिहिलं. वजनकाट्यावरच्या माणसानं शेतकऱ्याच्या नावाच्या जागी 'अबक' टाकलं आणि गाव 'कुठंतरी'. पॅकिंगच्या बायकांनी एकमेकींच्या नवऱ्यांना बागायतदार केलं आणि त्यांचा सगळा माल नापास करून हसून लोळल्या. मी म्हटलं, हसा, पण बटणं तेवढी शिका. त्या शिकल्या, आणि माझ्यापेक्षा भरभर चालवायला लागल्या.

तात्या तेवढे खरं लिहायचे.

तात्या म्हणजे आवक लिहिणारे. सत्तरीकडे झुकलेले, टोपी, स्वेटरावर आणखी एक स्वेटर. सगळे त्यांना तात्या म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले. नोकरी ते पोटासाठी करत नव्हते, हंगामात घरी बसवत नाही म्हणून यायचे. जवळच्याच गावात त्यांची द्राक्षबाग होती. म्हणजे पूर्वी होती. बायको गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः उभं राहून बाग काढून टाकली, मांडवाच्या तारा गुंडाळून दिल्या आणि रान पुतण्याला कसायला लावलं. "एकट्याच्यानं बाग होत नाय," एवढंच ते सांगायचे. त्या रस्त्यानं ते परत कधी गेले नव्हते, लांबून वळसा घालून यायचे.

आणि आमच्या सराव-प्रतीत त्यांनी ती बाग परत लावली.

त्यात लपवाछपवी काही नव्हती. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी बसून एका बोटानं त्यांनी सगळं भरलं. गट नंबर, वाण, छाटणी कधी झाली, दोन ओळींत अंतर किती. रस्त्याच्या रकान्यात बाकी कुणी काही लिहिलं नव्हतं. तात्यांनी लिहिलं की कॅनॉलच्या पुढं डावीकडं वळायचं, चिंचेपासून आत यायचं, गेट ढकललं की उघडतं. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्यांनी बायकोचं नाव घातलं.

"तुमचं नको?" मी विचारलं.

"रान तिच्या नावावर होतं ना," ते म्हणाले. "आन् मी तर हितं नोकरीला हाय."

"पण तात्या, ही बाग तर..."

"ताई, हे सरावाचं हाय म्हणालात ना तुम्ही? मग मी सराव करतोय."

मी उगीच की-बोर्ड पुसल्यासारखं केलं.

त्यानंतर रोज त्या बागेत काहीतरी व्हायचं. नोंदीसाठी मी एक मोकळा रकाना ठेवला होता. इतर लोक तो सोडून द्यायचे आणि तात्या तो भरायचे. आज पाणी दिलं. आज विरळणी, घड मोकळे झाले. दव लय पडलं, मण्यांवर हात फिरवून बघितला. गोडी भरायला लागली. मी दुपारी सातपूरच्या घरी बसून दुसऱ्याच कुणाचं काम करत असायचे, आणि मध्येच पिंपळगावचं पान उघडून ती नोंद वाचायचे. खिडकीबाहेर पाळी सुटल्याच्या मोटारसायकली जायच्या आणि माझ्या डोळ्यांपुढे चिंच यायची, गेट यायचं, मांडवाखाली वाकून चालणारं कुणीतरी यायचं. मी त्या रानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तरी मांडवाखालचा हिरवा काळोख मला इतका ओळखीचा झाला की दुसऱ्या कुणाच्या खऱ्या बागेत गेले तर तीच मला खोटी वाटायची.

एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं, काकूंना आवडायची का बाग.

तात्या हसले. "तिला? तिचं आन् द्राक्षाचं कधी जमलंच नाय. लय लाडाचं पीक ते. आभाळ आलं की आमची झोप गेली. ती म्हणायची, एक हंगाम तरी कांदा लावा, मला मेलीला सुखानं झोपू द्या. छाटणीच्या तोंडावर दर साली भांडण."

"मग लावला का कधी?"

"छे. द्राक्षवाला माणूस कांदा कशाला लावील?" ते जरा ताठ बसून म्हणाले. मग कपातल्या चहाकडे बघत पुढे बोलले, "पुढच्या साली लावू म्हणायचो. दर साली म्हणायचो."

हंगामाचा मुहूर्त जवळ आला तसं मालकांनी मला बाजूला बोलावलं. मालक माणूस चांगला, पण घाई फार. ते म्हणाले, "मॅडम, मुहूर्त झाला की ते सराव-बिराव पुसून टाका. खोटं काही शिल्लक नको. उद्या कुणी अबकच्या गावाला गाडी पाठवायचा." त्यांचं बरोबर होतं. सगळेच तसं करतात. पण सराव पुसायचा म्हणजे तात्यांची बागही जाणार होती, दुसऱ्यांदा, आणि या वेळी ती काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला ते अजिबात करायचं नव्हतं.

तात्यांच्या कानावर गेलंच होतं. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"तोडणी होऊ द्या ताई," ते म्हणाले. "माल तयार हाय. मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशीची तारीख टाकलीय मी. आमचा माल कायम पहिला यायचा. एकदा क्रेट भरली की मग काय करायचं ते करा. उभ्या मालावर नांगर नका घालू."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी थट्टेवारी नेलं असतं. तात्यांना मी फक्त 'बघू' म्हणाले. मनातून मला कळत होतं की मुहूर्ताच्या सकाळी मला ओळ बदलावी लागणार, आणि तोडणीची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे.

मुहूर्ताच्या दिवशी पॅकहाउस धुऊन काढलं होतं. मालकांच्या आईंनी, ज्यांना सगळे आजी म्हणायचे, काट्याची पूजा केली, टेंपोंची केली, मग ऑफिसात येऊन कंप्युटरची. त्याआधी मी माझं काम उरकायला बसले. फाइल उघडली. जुनी ओळ मी कधी पुसत नाही. तिच्यापुढे एक चिन्ह टाकलं की मशीन तिला वाचायचं सोडून देतं. ओळ जागच्या जागी राहते, फक्त तिचं ऐकलं जात नाही. सरावाच्या ओळीपुढे मी ते चिन्ह टाकलं, खाली खऱ्या डेटाबेसची ओळ लिहिली. संदेश पाठवू नकोस होतं तिथे पाठव असं केलं. फाइल जतन केली. आता प्रोग्रॅम एकदा बंद करून चालू केला की झालं.

तेवढ्यात आजी ताट घेऊन आल्या. स्क्रीनला हळद-कुंकू लागलं, वरून झेंडूची माळ चढली, पुढ्यात निरांजन ठेवलं. झेंडू चांगला टपोरा होता. माथ्यावरची हिरवी पट्टी त्याच्याखाली पूर्ण झाकली गेली.

"आजी, एक मिनिट बंद करून लगेच चालू करते हं," मी म्हटलं.

"आता काय बंद करायचं नाय," आजी म्हणाल्या. "दिवा लागलाय."

"लगेच चालू होतं."

"मंगलाष्टकं मधेच थांबवून परत चालू करतात का कुणाच्या लग्नात?"

मी मालकांकडे बघितलं. मालकांनी छताकडे बघितलं. "राहू द्या मॅडम, उद्या सकाळी करा," ते म्हणाले, "एका दिवसानं काय होतंय." मला राग आला. या लोकांना प्रोग्रॅम पाहिजे पण त्याचे नियम नकोत, असं काहीतरी मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. पण तात्या कोपऱ्यात हात जोडून उभे होते आणि त्यांचा चेहरा सैल झालेला मला दिसला. त्यांना सगळं कळलं होतं. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. बागेला एक दिवस मिळाला होता. आज ज्या खऱ्या नोंदी होतील त्या सरावातच जातील, उद्या येऊन त्या उचलून खऱ्यात ठेवू, त्यात अवघड काही नाही, असं म्हणून मी प्रसादाचा पेढा खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं नाशिकला परतले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातून पार निसटली. यादी बनवणारा भाग सकाळपासून चालू होता. त्याच्या लेखी जग अजून सरावाचंच होतं. संदेश पाठवणारा भाग वेगळा. तो दिवसभर झोपलेला असतो, संध्याकाळी उठतो, उठल्या उठल्या फाइल वाचतो, काम करतो आणि परत झोपतो. त्यानं नवी फाइल वाचली, पाठव असं तिच्यात लिहिलेलं पाहिलं, आणि एकानं स्वप्नात बनवलेली यादी दुसऱ्यानं टक्क जागेपणी वाटून टाकली.

त्यात बाकी काही बिघडलं नाही. त्या दिवशी नोंदवलेल्या खऱ्या बागा यादीत होत्याच, त्यांच्या गाड्या बरोबर गेल्या. अबकच्या गावाला रस्ता नव्हता, म्हणून तिथे कुणी गेलं नाही. पण एक नोंद सर्वांत नीट भरलेली होती. तिला गट नंबर होता, तोडणीची तारीख होती, चिंच होती, गेट होतं. यादीत तीच सर्वांत वर आली. आणि वरची गाडी म्हणजे हंगामाची पहिली, मुहूर्ताची गाडी. निघताना तिच्या बॉनेटला मालकांनी स्वतः हार बांधला, पुढे नारळ फोडला, आणि कुठे चाललास हे ड्रायव्हरला कुणी विचारलं नाही. ड्रायव्हर कळवणकडचा होता, या हंगामात नवीन लागलेला. तात्यांची बाग गेल्याचं त्याला कुठून माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुक्यातून पॅकहाउसात पोचले तेव्हा गाड्या निघून गेल्या होत्या. तात्या टेबलाशी बसले होते. मालक आणि आजी दोघंही ऑफिसात होते. मी स्वेटर काढत होते तोच टेबलावरचा फोन वाजला आणि मी तो स्पीकरवर घेतला. त्या ड्रायव्हरचाच फोन होता.

"मॅडम, आठे बाग नही शे," तो त्याच्या बोलीत म्हणाला. मग आम्हाला कळावं म्हणून पुन्हा म्हणाला, "चिंच सापडली. गेट बी ढकललं. आत बाग नाय हो कुठंच. सगळा कांदा हाय."

दारातून डोकावणाऱ्या पॅकिंगच्या बायका हसल्या. मग त्यांचं लक्ष तात्यांकडे गेलं आणि त्या गप्प झाल्या. मला सगळं एका क्षणात उलगडलं. आता या माणसाच्या बागेचं चारचौघांत हसं होणार, आणि ते माझ्या प्रोग्रॅमनं करून ठेवलं होतं. मालक अजून गोंधळलेले होते. "कुणाची बाग? कुणी पाठवलं त्याला तिकडं?" ते विचारत होते. मी सांगायला तोंड उघडलं, पण तात्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि फोनवर वाकले.

"गेट ढकललं तवा खाली घासलं का रे?"

पलीकडून गेट पुन्हा ढकलल्याचा आवाज आला. मग ड्रायव्हर म्हणाला, "हा. घासतंय ना."

"अजून घासतंय," तात्या म्हणाले. ते आमच्यापैकी कुणाला सांगत होते असं वाटलं नाही.

आता मालकांना उमगलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरा दिवस असता तर मी उलट बोलले असते. ते ड्रायव्हरला म्हणाले, "माघारी ये."

"रिकामी गाडी?" आजी म्हणाल्या. "मुहूर्ताची गाडी रिकामी येत नाय दारात. कधी आली नाय."

मग एकच गलका झाला. कुणी म्हणालं शेजारच्या बागेतून दोन क्रेट घ्या, कुणी म्हणालं तिथं तोडायला माणसं नाहीत. मालक म्हणाले निदान बाजारातून घेऊन टाका, तर आजी म्हणाल्या विकतचा मुहूर्त असतो का कुठं. ड्रायव्हर तिकडे फोन धरून उभा होता. तात्या मान खाली घालून बसले होते. त्यांचं बोट टेबलावर एका जागी हळूहळू फिरत होतं, मण्यावर फिरवावं तसं. मला वाटलं आता ते उठून घरी जातील आणि परत येणार नाहीत. त्यांना अडवायला काय बोलावं हे मी शोधत होते.

ते उठले नाहीत. परत फोनवर वाकले.

"आमचा पुतण्या असंल बघ तिथं विहिरीकडं," ते म्हणाले. "त्याला म्हणावं तात्यांनी सांगितलंय. रानात जे असंल ते भर."

आजींनी मान डोलावली. तात्यांनी स्वतःच फोन बंद केला.

गाडी येईपर्यंत आम्ही वाट बघत बसलो. धुकं विरळ होत होतं आणि पटांगणावर फिकट ऊन उतरत होतं. मी तात्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. माफी मागावी असं मनात होतं, पण कशाकशाची मागायची ते नीट ठरत नव्हतं. तेच म्हणाले, "बरं झालं. मला जायला जमत नव्हतं. गाडी जाऊन आली." मग थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं चिंच तोडली असंल त्यानं. नाय तोडली."

गाडी आली. पुढे झेंडूचा हार, मागे आमची द्राक्षांची क्रेट, आणि त्यांत काठोकाठ थंडीत निघणारा रांगडा कांदा, लालभडक, अजून माती लागलेला. पॅकहाउसाच्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. माल तपासणारा पोरगेला साहेब धावत बाहेर आला, कांदा आत नेऊ नका, द्राक्षाला वास लागेल म्हणाला. म्हणून क्रेट पटांगणातच उतरवली. आजींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि गाडीच्या चाकावर पाणी घातलं. काट्यावरच्या माणसानं वजन केलं, हसू दाबत, पण नीट केलं. सगळं रीतसर झालं.

आता नोंद राहिली. हंगामाची पहिली आवक लिहिल्याशिवाय पुढची गाडी आत घेता येत नव्हती.

"आजी, आता तरी बंद करू का?" मी विचारलं.

"कर बाई," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं स्क्रीनवरची माळ काढून घेतली. हिरवी पट्टी दिसायला लागली. 'सराव' ही अक्षरं तात्यांनी एकदा वाचली.

"थांबा ताई," ते म्हणाले. "आधी तुमच्या त्या फाइलीत कांदा घाला."

आवकीच्या पानावर वाण निवडायची यादी होती आणि ती यादी कॉन्फिग फाइलीतून यायची. तिच्यात फक्त द्राक्षाचे वाण होते, कारण तिथं दुसरं काही येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी फाइल उघडली. चिन्ह टाकलेली सरावाची ओळ जागच्या जागी होती. तिच्याकडे न बघता मी खाली गेले आणि यादीच्या शेवटी 'कांदा' हा शब्द लिहिला. मालक मागे उभे होते. ते फक्त खोकले.

कालच्या खऱ्या नोंदी नंतर उचलायच्या ठरवून मी प्रोग्रॅम बंद केला. स्क्रीन पांढरी झाली. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पान परत उघडलं. हिरवी पट्टी नव्हती, पाण्याच्या नोंदी नव्हत्या, बाग नव्हती. एकही ओळ नसलेलं कोरं पान होतं. मी तात्यांकडे बघायचं टाळलं आणि खुर्ची त्यांना दिली.

त्यांनी एका बोटानं लिहायला सुरुवात केली. गट नंबर तोच. रस्त्याच्या रकान्यात कॅनॉल, चिंच, गेट, आणि या वेळी गेट खाली घासतं हेही. वाणाची यादी उघडून ते शेवटपर्यंत गेले आणि कांदा निवडला. मग शेतकऱ्याच्या नावाशी येऊन थांबले. मी मनात पुतण्याचं नाव धरून बसले होते. तात्यांनी बायकोचं नाव लिहिलं, एकेक अक्षर शोधत.

"रान आता पुतण्याकडे आहे ना?" मी हळूच विचारलं. "आणि कांदा त्यानंच लावलाय."

"हाय त्याच्याकडं," तात्या म्हणाले. "पण कांदा तिचा हाय. लय सालं मागत होती."

त्यांनी जतन करायचं बटण दाबलं आणि पुढची गाडी आत सोडायला सांगितलं.